खिशातला भुगा

"मॅडम, घरात सगळं ठीक आहे. नोकरी आहे, तब्येत बरी आहे, कोणाशी भांडण नाही. तरी गेले तीन आठवडे संध्याकाळ झाली की घसा दाटून येतो. खरं तर हा माझा सगळ्यात आवडता ऋतू. मला डिप्रेशन आलंय का?"

पंचेचाळिशीचे गृहस्थ. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.) पानगळ सुरू झाली की हाच प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच.

आधी मी विचारायचं ते सगळं विचारलं. झोप फार वाढली आहे का, सारखं गोड खावंसं वाटतं का, कामातून मन उडालंय का, जगणं नको वाटतं का. अशी लक्षणं निदान दोन वर्षं ओळीने ठरावीक ऋतूतच परत येत असतील, तर तो नैराश्याचा ऋतूशी बांधलेला प्रकार असू शकतो. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसणं हा त्यावरचा एक उपचार, तोही डॉक्टरांना विचारूनच. यांचं मात्र जेवण, झोप, काम, हसणं, सगळं जागच्या जागी होतं.

"तीन आठवड्यांपूर्वी काय झालं?"

"काहीच नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "गारवा वाढला म्हणून जाड जाकीट काढलं. खिशात हात घातला, तर बोटांना भुगा लागला. वाळक्या पानाचा."

मुलगी लहानपणापासून त्यांच्याबरोबर फिरायला यायची. पानं वेचायची आणि मुठी भरल्या की बाबांच्या खिशात कोंबायची. यंदा ती तेरा वर्षांची झाली. आता मैत्रिणी असतात. हे ते कौतुकानेच सांगत होते, पण सांगताना अंगठा बोटांवर घासत होते, जणू तो भुगा अजून तिथेच होता.

याला मराठीत नेमका शब्द आहे, हुरहूर. हा आजार नव्हे. विषुववृत्तापासून लांब राहणाऱ्यांना ती जास्त जाणवू शकते, कारण तिथे हा फरक मोठा असतो; उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या शेवटी, दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमारास, दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होत जातात. आपल्या शरीराचं घड्याळ उजेडाशी जुळवून घेतं, त्यालाही हा फरक कळतो. शिवाय काळ एरवीही सरतच असतो, या दिवसांत तो डोळ्यांसमोर गळून पडताना दिसतो.

त्यांना त्रास होत होता तो हुरहुरीपेक्षा ती दाबण्याचा. घरचे म्हणाले होते, "चांगला विचार करा, सगळं तर मिळालंय." हे प्रेमापोटीच म्हटलं जातं, पण मला ते फार खटकतं. माणसाला मुळात वाईट वाटत असतं, वर त्याची लाजही वाटायला लागते. झाडं दिसू नयेत म्हणून हे दुपारीच पडदे ओढून घ्यायला लागले होते, फिरणंही बंद. म्हणजे होता तो उजेडही गेला.

मी दोनच गोष्टी सुचवल्या. पडदे उघडे ठेवा आणि सकाळच्या उजेडात चालायला जा. दुसरी अवघड होती. घसा दाटला की स्वतःशी म्हणायचं, "ती मोठी झाली याचा आनंद आहे, आणि ती लहान राहिली नाही याचं वाईट वाटतंय." मधे 'आणि'च हवा. 'पण' म्हटलं की एक भावना दुसरीला खोडायला जाते. त्यांनी ते वाक्य माझ्यासमोर म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी 'पण'च आलं.

उदासी दोन आठवडे जवळजवळ दिवसभर राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, हेही सांगितलं. मरणाचे विचार आले तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

पुढच्या भेटीत मी जाकिटाची चौकशी केली.

"धुवायला काढलं. खिसा उलटा करायला मुलीलाच दिला. म्हणाली, बाबा, हे मी टाकलेलं? तिला आठवतच नव्हतं. मग विचारायला लागली, कुठल्या झाडाचं पान? मलाही सांगता येईना."

"मग?"

"मग काय, दोघं खाली उतरलो बघायला."