देवणीवर संशोधन करायचंय? मग गणित ठेवा

उदगीरजवळच्या एका पालकांचं पत्र: 'घरी देवणी गाई आहेत. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला दवाखाना नको, देशी जातींवर संशोधन करायचंय. गणित सोडून नुसतं जीवशास्त्र ठेवू का, विचारते.'

नमस्कार. या विषयाची वेगळी वाट बारावीला फुटत नाही. आधी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, करावं लागेल. ते साडेपाच वर्षांचं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, माफसू म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत; त्यांचं एक कॉलेज उदगीरलाच आहे. मग पशु अनुवंशशास्त्र व पैदासशास्त्रात दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. (पदव्युत्तर पदवी). त्यानंतर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा देता येते. देशी जातींची नोंदणी करणारी संस्था कर्नालला आहे.

नीटला गणित लागत नाही, म्हणून ते सोडावंसं वाटतं. पण हे पाहा. ५०० गाई आणि ५ वळू. कळपाचा आनुवंशिक आकार काढायचा तर चार गुणिले वळू गुणिले गाई, भागिले दोघांची बेरीज: उत्तर जेमतेम २०. म्हणजे आनुवंशिक हिशेबात हा कळप १० वळू नि १० गाईंएवढाच! गाई १,००० केल्या तरी २०च; पण ५०० गाईंनाच वळू १० केले की ३९. जात वाचवायचं निम्मं काम असल्या हिशेबात आहे. म्हणून झेपत असेल तर गणित ठेवा.

बाकीचं काम गोठ्यात. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगप्रकार आहेत, पण रंग मोजक्या जनुकांवर ठरतो; नुसत्या रंगावरून वंश वेगळा म्हणता येत नाही. त्यासाठी मापं आणि डीएनए दोन्ही लागतात. जनावर सपाट जमिनीवर, चारही पायांवर सरळ उभं हवं. उतारावर उंची चुकते. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, टेप न आवळता. रक्ताचे नमुने साधारण ५०, वेगवेगळ्या गावांतले. एकाच वळूच्या कालवडी घेतल्या तर विविधता आहे त्यापेक्षा कमी दिसते. नळी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन); हेपॅरिनही तेच करतं, पण पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, बिघडवतं.

नीट नाही जमली तर बी.एस्सी. बायोटेकवरून प्रयोगशाळेत जाता येतं, पण पशुधन विकास अधिकारी होता येणार नाही.

तोवर तिला घरच्या गाईंची वही घालू द्या: कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, आई कोण, वळू कोणता. कृत्रिम रेतन झालं असेल तर वीर्याच्या स्ट्रॉवरचा (बारीक नळीवरचा) वळूचा नंबर डॉक्टर निघण्याआधीच लिहून घ्यावा.