लांबच्या विहिरीवरची मोटार जोडायची आहे: सिम घ्यावे की रेडिओ मोडेम?

प्रश्न: विहीर शेतघरापासून दोन किलोमीटरवर आहे आणि टाकी तिसऱ्याच टोकाला, उंचवट्यावर. मोटारीच्या ड्राइव्हला (मोटार चालवणाऱ्या उपकरणाला) आणि टाकीतल्या पातळी-सेन्सरला आरएस-४८५ पोर्ट (तारेने माहिती पाठवण्याची जोडणी) आहे. विहिरीवर मोबाईलची रेंज येते-जाते. काय बसवावे?

उत्तर: आरएस-४८५ ची तार कमी वेगावर फार तर १२०० मीटर जाते, त्यामुळे तारेचा पर्याय इथेच संपला. रेंजचा भरवसा नाही तिथे सिम घालण्याचा हट्टही नको. विहीर आणि टाकी रेडिओ मोडेमने, म्हणजे बिनतारी माहिती पाठवणाऱ्या यंत्राने, शेतघराशी जोडा. शेतघरी रेंज चांगली असेल, तर तिथे एकच मोबाईल गेटवे (सिमवरून माहिती इंटरनेटवर पाठवणारे उपकरण) ठेवा.

रेडिओचे काम अँटेनाच्या उंचीवर ठरते. समोरचा खांब नुसता दिसला म्हणजे झाले, असे नाही. ८६८ मेगाहर्ट्झला दोन किलोमीटरच्या मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे १३ मीटर त्रिज्येचा पट्टा असतो, त्या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. उन्हाळ्यात मोकळ्या रानात उत्तम चालणारी जोडणी ऊस डोक्यावर गेला की तुटू लागते, कारण पानांतले पाणी लहरी शोषते. म्हणून खांबाची उंची उभ्या पिकाच्या हिशेबाने धरा. फ्रिक्वेन्सी परवानामुक्त आहे ना, हे खरेदीआधीच पाहा. आणि अँटेना लावल्याशिवाय मोडेम चालू करू नका, आतला ट्रान्समीटर जळू शकतो.

मोबाईलच्या बाजूला दोन अडचणी नेहमी येतात. साध्या सिमला बहुधा खाजगी आयपी (कंपनीच्या नेटवर्कमधलाच पत्ता) मिळतो, बाहेरून तिथे पोचता येत नाही. तेव्हा गेटवेनेच सर्व्हरशी संपर्क साधावा, अशी मांडणी ठेवा. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. मॉडबस आरटीयू या, आरएस-४८५ वर सहसा वापरल्या जाणाऱ्या संदेशपद्धतीत साडेतीन अक्षरांइतकी शांतता पडली की संदेश संपला असे धरतात. नेटवर्कवर संदेश तुकड्यांत पोचला की ही शांतता मध्येच पडते, सीआरसी (संदेश बरोबर आला का हे तपासणारा आकडा) जुळत नाही आणि उत्तर येत नाही. अशा वेळी सेन्सर बिघडला म्हणून नवा आणू नका. आरटीयूचे मॉडबस टीसीपीत (नेटवर्कवर चालणाऱ्या मॉडबसच्या प्रकारात) रूपांतर करणारा गेटवे वापरा आणि उत्तराची वाट पाहण्याची मुदत तीन ते पाच सेकंद करा.

आता जे कुणी विचारत नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. जोडणी कधी ना कधी तुटणारच, म्हणून मोटार बंद करण्याचा निर्णय विहिरीवरच्या कंट्रोलरकडेच हवा. ड्राय-रन संरक्षण (विहिरीत पाणी नसताना मोटार बंद करणारे) तिथल्या तिथे तारेने जोडा. टाकीची ताजी पातळी पाच मिनिटांत आली नाही, तर कंट्रोलरने मोटार थांबवलीच पाहिजे. जोडणी ताब्यात घेताना मोटार चालू ठेवून टाकीवरच्या मोडेमची वीज काढायला सांगा. मोटार आपोआप थांबली नाही, तर काम पूर्ण झाल्याची सही करू नका.