डीव्हीआरचं घड्याळ किती मागे होतं?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी केंद्र चालकाचा आहे. गावालगतच्या शेतात खून झाला. त्या रात्री दुकानासमोरून गेलेली मोटारसायकल कॅमेऱ्यात आली, म्हणजे डीव्हीआरमध्ये, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत. यांनी स्क्रीनचा मोबाईलवर व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. ॲडमिन हेच. गाडी कोणाची, ते ग्रुपनं ठरवून टाकलं. आता त्या माणसाची अब्रुनुकसानीची नोटीस आली आहे आणि पोलिसांनीही बोलावलंय. विचारतात, ‘ग्रुप डिलीट करू का?’

भाऊ, असं पत्र महिन्यातून एखादं येतंच आणि सगळ्यांना काळजी नोटिशीची. तुम्हीही तिच्यावर दोन पानं लिहिलीत. मुद्द्याची गोष्ट मात्र जाता जाता एका ओळीत: ‘लाईन गेली का डीव्हीआरचं घड्याळ मागं पडते.’

किती मागं? पाच मिनिटं, का पंचवीस? तुमच्या ग्रुपचा सगळा निवाडा फुटेजवरच्या ‘९.४०’ या आकड्यावर उभा आहे. ‘नऊ चाळीसले तो घरी नोहता, तोच हाय बे.’ घड्याळ पंचवीस मिनिटं मागं असेल तर गाडी गेली १०.०५ ला. त्या वेळी तो कुठं होता, हे ग्रुपवर कोणी विचारलं का?

घटनेला अठरा दिवस झाले. डिस्क भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं. ते तुमच्याकडे किती दिवसांनी होतं, हे डिस्क केवढी आणि कॅमेरे किती यावर आहे. इतके दिवस ग्रुपवर तर्क लढवण्यापेक्षा पेटी ठाण्यात दाखवली असती तर हे पत्रच लागलं नसतं. असो. आता डीव्हीआरची स्क्रीन आणि मोबाईलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. मग मेनूतून रेकॉर्डिंग थांबवा. प्लग उपटू नका, नाहीतर घड्याळातला फरकही जाईल. बाकी कशाला हात लावू नका. आजच ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अर्जात एक ओळ घाला: त्या रात्रीची मुक्कामी एसटी फुटेजमध्ये किती वाजता दिसते, ते तपासावं. वाहकाच्या तिकीट मशीनमध्ये वेळ असते, तिच्याशी ताडून त्या रात्रीचा फरक काढता येईल. आजचा फरक त्या रात्रीचा असेलच असं नाही; मधे लाईन कितीदा गेली ते तुम्हालाच ठाऊक.

पेटी जप्त होताना पंचनाम्यात हा फरक नोंदवायला सांगा. जप्तीचं चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करावं लागतं. फुटेजची प्रत कोर्टात जायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हेच ६५ ब होतं, आणि जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते अनिवार्य ठरवलं. मोबाईलवर काढलेल्या तुमच्या व्हिडिओवर भिस्त ठेवू नका.

ग्रुप डिलीट करू नका. पुरावा कोर्टापुढे येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट केली असं दिसलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ लागू शकतं. मग साक्षीदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

ॲडमिन म्हणून काय? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पण व्हिडिओखाली ‘ओळखा पाहू कोण’ हे तुम्हीच लिहिलंय ना? ते सदस्याच्या खात्यावर कसं टाकणार? बदनामीचं कलम ३५६ टिकेल की नाही, हे नोटीस वाचल्याशिवाय सांगणं अवघड. पाठवा. तोवर माफी, खुलासा काहीही ग्रुपवर लिहू नका.

वडिलांनाही बोलावलंय म्हणता. त्यांचं वय ६८. साक्षीदार म्हणून साठीपुढच्या माणसाला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, जबाब राहत्या घरी घ्यावा लागतो. त्या रात्री शटर त्यांनीच ओढलं होतं. तेव्हा खऱ्या घड्याळात किती वाजले होते, ते त्यांना आठवत असेल तर जबाबात सांगू द्या.