शेतकरी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांच्या सह्या कायद्यात टिकतील अशा कशा घ्यायच्या? सहीचा फोटो चिकटवून चालेल का?

फोटो चिकटवू नका. कोणाचीही सही कोणीही चिकटवतो, अन् उद्या सभासद "मी केलीच नाही" म्हणाला की सिद्ध करत बसायचं तुम्हीच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये बसणारे सोयीचे रस्ते दोन: परवानाधारक संस्थेकडून घेतलेलं डीएससी, म्हणजे यूएसबी टोकनमध्ये मिळणारं डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, नाहीतर आधारचं ई-साइन, म्हणजे आधारला जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीने होणारी सही. संचालकांना टोकन, सभासदांना ई-साइन. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पीडीएफवर डिजिटल सात-बारासारखी खरी सही उमटते की नुसतं चित्र, तेवढं तपासा. खऱ्या सहीनंतर एक आकडा जरी बदलला तरी पीडीएफ रीडर लगेच दाखवतो.

एवढं तर सॉफ्टवेअर विकणारा एजंटही सांगेल. तो जे सांगणार नाही ते ऐका.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होतो. पंधराव्या वित्त आयोगाचं पेमेंट ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून टाकायचं तर ग्रामसेवक अन् सरपंच, दोघांचं डोंगल, म्हणजे तेच यूएसबी टोकन, लागायचं. सरपंच ताई होत्या, पण त्यांचं डोंगल यजमानांच्या शर्टाच्या खिशात, खर्ऱ्याच्या पुडीशेजारी. टोकनच्या पाठीवर सेलोटेप, त्याखाली बॉलपेनने लिहिलेला पिन. कुलपालाच किल्ली बांधून ठेवलेली! गाव त्यांना भाऊ म्हणायचं. भाऊ यायचे, डोंगल टेबलावर टाकायचे, "मार बाप्पा सही" म्हणायचे अन् ओट्यावर जाऊन खर्रा घोटत बसायचे.

नालीच्या बिलाच्या वेळी मी म्हटलं, ताईंना बोलवा, पिन त्या टाकतील.

"तिले काय समजते यातलं? अन् ती निंदाले गेली."

मग संध्याकाळी करू म्हटलं. ग्रामसेवकही मलाच समजावू लागले, सगळीकडे असंच चालतं म्हणून. संध्याकाळी ताई आल्या, पायाला वावरातली काळी माती तशीच. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी बोट ठेवून रक्कम वाचली अन् विचारलं, "हे पूर्ण नालीचं होय का? नाली तं शाळेपाशीच थांबली." त्या दिवशी सही झाली नाही. भाऊ गावभर सांगत सुटले की ऑपरेटर नेटवर्कचं नाव करून पेमेंट अडवते. अजूनही लग्नाकार्यात भेटले की तेच: "लय कायदा शिकवला तुनं."

शिकवलाच. टोकनमधली प्रायव्हेट की, म्हणजे सही करणारी गुप्त किल्ली, बाहेर काढता येत नाही, तिची नक्कल होत नाही, म्हणून तर त्या सहीला वजन आहे. टोकन अन् पिन दोन्ही दुसऱ्याच्या खिशात गेले की उरलं काय? त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ही की सांभाळायची जबाबदारी जिच्या नावाचं डीएससी तिची. अन् दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरली तर कलम ६६-सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद अन् १ लाखापर्यंत दंड. चौकशी लागली असती तर कागदावर नाव ताईंचं निघालं असतं. भाऊ ओट्यावरच.

तुमच्या कंपनीतही हेच होणार आहे, लिहून ठेवा. तुमचा पोरगा घरोघरी जाईल, "काका, ओटीपी सांगा" म्हणेल अन् सही स्वतःच मारेल. तसं करू देऊ नका. कागद सभासदाने वाचायचा, नाहीतर त्याला वाचून दाखवायचा, अन् ओटीपी त्यानेच टाकायचा. बाई सभासद असेल तर ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर जातो का ते आधी बघा. जात असेल तर आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. संचालक बाई असेल तर टोकन तिच्याच पर्समध्ये. "आमच्या घरात असंच चालते" म्हणणाऱ्याला माझं नाव सांगा.

हां, मृत्युपत्र अन् ट्रस्टचे कागद ई-सहीवर होत नाहीत. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते ई-सही केली म्हणून सुटत नाही. ई-साइनचं प्रमाणपत्र अर्ध्या तासात संपतं, त्याने आधी झालेली सही रद्द होत नाही, पण सॉफ्टवेअरने टाइमस्टॅम्प (सही कधी झाली ती वेळ) अन् ऑडिट लॉग (कोणी कधी काय केलं त्याची नोंद) जपायलाच हवा. करार मोठा असेल तर एकदा वकिलाला दाखवा. अन् टोकन हातात आल्याबरोबर पिन बदला. बरेच विक्रेते पिन चिठ्ठीवर लिहून देतात अन् लोक तीच चिठ्ठी टोकनला चिकटवतात.