'आश्रमशाळा' की 'निवासी शाळा'?

प्रश्न असा आहे : कॅनडातील कॅम्लूप्स येथे मूळनिवासी मुलांसाठी कॅथलिक संघाने चालवलेल्या आणि २०२१ मध्ये आवारातील संभाव्य थडग्यांच्या खुणांमुळे जगभर चर्चेत आलेल्या 'रेसिडेन्शियल स्कूल'ला मराठीत 'आश्रमशाळा' म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. 'आश्रम' या शब्दात आसरा आहे, विसावा आहे, आणि आपल्याकडे आश्रमशाळेत मुलाचे नाव पालक आपणहून घालतात. कॅनडात मात्र १९२० च्या कायदादुरुस्तीने मूळनिवासी मुलांना शाळेत धाडण्याची सक्ती झाली आणि न धाडणाऱ्या आईवडिलांना शिक्षा होऊ शकत असे. ज्या जागी मूल घरापासून तोडून नेले जाई, तिला आश्रम म्हणवत नाही.

'वसतिगृह' हा दुसरा पर्याय सुचवला जातो. पण तो या शाळेच्या अखेरच्या नऊ वर्षांनाच लागू पडतो. १८९० मध्ये ती 'औद्योगिक शाळा' म्हणून सुरू झाली, १८९३ पासून ऑब्लेट या कॅथलिक संघाच्या हाती होती, आणि 'रेसिडेन्शियल' हे नाव सरकारी कागदांत पुढे १९२० च्या दशकात रूढ झाले. १९६९ मध्ये सरकारने कारभार आपल्याकडे घेतल्यावर मुले तिथे फक्त राहू लागली आणि शिकायला बाहेरच्या शाळांत जाऊ लागली. १९७८ मध्ये तेही बंद झाले.

उरतो 'निवासी शाळा' हा शब्द. तो अचूक आहे; पण तो वाचताच आपल्यापुढे पाचगणी उभी राहते, भरमसाट फी आणि पालकांचा अभिमान उभा राहतो. त्याआधी नुसते 'सक्तीची' जोडूनही भागत नाही, कारण महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तेव्हापासून 'सक्तीचे शिक्षण' हा मराठीत हक्काचा शब्द आहे. म्हणून मी पहिल्या उल्लेखात 'सक्तीच्या निवासाची शाळा' असे लिहीन आणि पुढे 'निवासी शाळा' वापरीन. शब्द लांबतो खरा, पण सक्ती नेमकी कशाची होती ते कळते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. 'कॅम्लूप्स' हे नावच सेक्वेपेम लोकांच्या भाषेतून आले आहे. थॉम्पसन नदीचे दोन प्रवाह तिथे मिळतात आणि मूळ शब्दाचा अर्थ 'नद्यांचा संगम' असाच आहे. शाळेच्या पाटीवर ज्या भाषेतला शब्द होता, तीच भाषा आत बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे.

त्या मुलांना 'माजी विद्यार्थी' म्हणणेही मी टाळीन. कॅनडात त्यांच्यासाठी 'सर्व्हायव्हर' हा शब्द रूढ आहे, आणि मराठीत 'त्या शाळेतून वाचलेले' हे साधे शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातात.