‘मार्कर सगळे निगेटिव्ह आलेत, आता बाबांचे किती महिने?’

पोटाच्या म्हणजे जठराच्या कॅन्सरची बायोप्सी झाली की हल्ली काही दिवसांनी आणखी एक रिपोर्ट येतो. हर-टू, एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा; ती बिघडल्याची खूण म्हणजे एमएसआय), पीडी-एल-वन, कधी क्लॉडिन. गाठीच्या पेशींतल्या या खुणांना मार्कर म्हणतात. डॉक्टरांची पुढची वेळ मिळेपर्यंत तो घरच्यांच्या हातात असतो आणि सोबतीला मोबाइल. ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांची सगळ्यात मोठी घालमेल याच दिवसांतली असते. मार्कर वाईट आलेत, म्हणजे आपला माणूस आता किती दिवसांचा सोबती?

कोपरखैरण्याच्या एका घरातली हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील वाशीच्या दाणा बाजारात माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे, वय साठीच्या आसपास. आजार जठराच्या भिंतीत खोलवर गेलेला, पण इतरत्र पसरलेला नाही. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो असं ठरलं होतं. ऐरोलीत नोकरी करणारी मुलगी एकटीच आली.

“मॅडम, सगळं निगेटिव्ह आहे. हर-टू १+ म्हणजे निगेटिव्हच. एमएसआय नाही, ईबीव्ही विषाणू नाही. नेटवर लिहिलंय, हर-टूचं औषध मिळालं तर तेरा-चौदा महिने, नाही तर अकरा. बाबांना ते औषध चालणारच नाही. म्हणजे अकराच ना? दादाला मी हे सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच.”

अकरा महिन्यांचा हिशोब धरून तिने मनातल्या मनात भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच उरकायचं ठरवलं होतं. ती रात्रीची झोपत नव्हती, आणि आईसमोर हसरा चेहरा ठेवून वावरत होती.

तिची समजूत घालण्याआधी मला तो आकडा कुठला हे बघायचं होतं. आम्ही दोघींनी मिळून शोधलं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टोगा’ या अभ्यासातला तो होता. ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नव्हतं किंवा आजार पसरला होता, आणि ज्यांच्या गाठीत हर-टू पॉझिटिव्ह होतं, अशाच रुग्णांना त्यात घेतलं होतं. नुसत्या केमोवर असलेल्यांचा मध्यक ११.१ महिने, ट्रास्टुझुमॅब हे हर-टूचं औषध जोडलेल्यांचा १३.८. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. तिच्या बाबांचा आजार पसरलेला नाही, ऑपरेशन ठरलेलं आहे आणि हर-टू निगेटिव्ह आहे. त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नसतं. ज्या अकरा महिन्यांनी तिची झोप उडवली, ते मुळात तिच्या घरचे नव्हतेच.

“मग बाबांचा आकडा कोणता?” तिने लगेच विचारलं.

तो मी सांगू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते तिला सांगता आलं. यातल्या बहुतेक तपासण्या कोणतं औषध लागू पडेल हे ठरवण्यासाठी असतात. हर-टू निगेटिव्ह म्हणजे ते एक औषध यादीतून गेलं, एवढंच. जठराच्या कॅन्सरचे पाचातले साधारण चार रुग्ण हर-टू निगेटिव्हच असतात. एमएसआयचं थोडं वेगळं आहे. तो पॉझिटिव्ह असलेल्यांची वाटचाल ऑपरेशननंतर बहुधा चांगली होते, पण नेहमीच्या केमोचा त्यांना कितपत उपयोग होतो याबद्दल शंका आहे. तिच्या बाबांना तो नाही, म्हणजे केमोबद्दलची ती शंकाही त्यांच्या बाबतीत नाही. पुढचा अंदाज मुख्यतः स्टेजवरून येतो. ऑपरेशननंतर काढलेल्या लसिकाग्रंथींपैकी किती बाधित निघाल्या (निदान १६ तरी तपासाव्यात असं मानलं जातं), काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नाही ना, केमोने गाठ किती विरली, हे सगळं त्यात येतं. तो रिपोर्ट अजून यायचाच होता.

एका नातेवाइकाने महागडी जनुकीय तपासणी सुचवली होती. २०१४ साली अमेरिकेतल्या ‘टीसीजीए’ या कॅन्सरच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाने २९५ गाठी तपासून जठराच्या कॅन्सरचे चार रेणवीय गट, म्हणजे जनुकीय बदलांवरून पाडलेले प्रकार, मांडले, तेव्हापासून अशा तपासण्यांचं आकर्षण वाढलंय. संशोधनाला त्याचा फार उपयोग झाला. पण माथाडी कामगाराच्या घरातून एवढे पैसे जाण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा, असं मी म्हटलं: या तपासणीने बाबांचे आत्ताचे उपचार बदलणार आहेत का? उत्तर ‘नाही’ आलं. पैसे वाचले.

पुढच्या वेळी बाबांना घेऊन ये, असं मी तिला आग्रहाने सांगितलं. रिपोर्ट त्यांचा, शरीर त्यांचं. आपल्याकडे मायेपोटी आजारी माणसालाच बाहेर ठेवतात, आणि तो आतून सगळं ओळखून एकटा पडतो. तिचे बाबा, म्हणजे माझ्यासाठी काका, आले आणि बसता बसताच म्हणाले, “कॅन्सर आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पोरंच तोंड चुकवत होती.”

बायोप्सीत सहा-आठ तुकडे का घेतात, हे मुलगी त्यांना समजावत होती. जठराच्या गाठीत हर-टू एका भागात सापडतं, शेजारच्या भागात नाही. काका मध्येच म्हणाले, “पोत्याच्या तोंडाचे दाणे बघून अख्खं पोतं कळत नाही, ते मला नको सांगू.” इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

त्यांना महिन्यांबद्दल काही विचारायचं नव्हतं. त्यांना विचारायचं होतं, जठर काढल्यावर भाकरी खाता येईल का, आणि पोतं उचलता येईल का. हे प्रश्न आम्ही कागदावर सगळ्यात वर लिहिले. डॉक्टरांनी सांगितलं की थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खावं लागेल, वजन उतरेल, पूर्ण जठर काढलं तर बी-१२ची इंजेक्शनं कायमची घ्यावी लागतील. भाकरी हळूहळू, नीट चावून जमेल. ओझ्याचं काम मात्र सोडावं लागेल. ते ऐकून काका खचले. पुढच्या आमच्या भेटी बहुतेक त्यावरच झाल्या, कारण पोतं उचलणं हीच त्यांची उभी हयात होती.

मुलाची काळजी निराळी होती: “आम्हालाही होईल का?” सीडीएच-वन या जनुकातल्या दोषाने हा कॅन्सर काही घराण्यांत उतरतो. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात तो पहिल्यांदा सापडला. पण ते क्वचित घडतं, आणि तसा दोष असेल तर तो बहुधा विखुरलेल्या प्रकारच्या गाठीत, लहान वयात किंवा घरात अनेकांना झाल्याने लक्षात येतो. इथे यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली नाही. त्यांनी दोन्ही भावंडांना एच. पायलोरी या जिवाणूची तपासणी करायला सांगितलं. जठराच्या कॅन्सरचं ते मोठं कारण आहे, आणि त्यावर इलाज आहे. मुलीची तपासणी निगेटिव्ह आली, भावाची पॉझिटिव्ह. त्याने गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स पुरा केला आणि नंतरच्या तपासणीत जिवाणू गेलेला दिसला.