उतावीळ कोण, मुले की मोठी माणसे?

प्रश्न : शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' मी अलीकडे दुसऱ्यांदा वाचले. विद्यार्थिदशेत त्या दोघांसाठी रडू आले होते; या वेळी मात्र रागच आला. ओळखीला एक दिवस होत नाही तोच लग्न, आणि आठवडा संपण्याआधी दोघांचाही अंत. थोडा धीर धरला असता तर हे टळले नसते का? मग याला शोकांतिका का म्हणायचे, अविचाराचे फळ का म्हणू नये?

उत्तर : आपला राग नाटकाच्या मजकुराला धरूनच आहे, कारण शेक्सपिअरने हा उतावीळपणा मुळीच लपवलेला नाही. सज्जात उभी असलेली ज्युलिएट स्वतःच रोमिओला सांगते की आपले हे वचन फार अविचाराचे, फार अचानक आहे, 'वीज चमकली' असे म्हणेपर्यंत विझून जाणाऱ्या विजेसारखे आहे. आणि त्याच प्रवेशात तीच मुलगी, लग्न करण्याचा हेतू असेल तर उद्या निरोप कळव, असेही बजावते. तिला कळते, पण थांबवत नाही. त्याच दिवशी सकाळी रोमिओ रोझलाइन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी झुरत होता, हेही आपल्याला विसरू दिले जात नाही.

तरीही एवढ्यावर निकाल देऊ नये, असे मला मनापासून वाटते. शेक्सपिअरने ही कथा घेतली ती मुख्यतः आर्थर ब्रूक यांच्या १५६२ सालच्या दीर्घकाव्यावरून. त्या काव्याच्या प्रस्तावनेत आईवडिलांचा आणि आप्तांचा सल्ला धुडकावणाऱ्या प्रेमिकांवर स्पष्ट ठपका ठेवलेला आहे, म्हणजे आपण आज म्हणता तेच ब्रूक यांनी तेव्हा म्हटले होते. शेक्सपिअरने तो ठपका गाळला, आणि ब्रूक यांच्या काव्यात महिनोन्महिने चालणारे कथानक रविवारच्या सकाळपासून गुरुवारच्या पहाटेपर्यंत आवळून घेतले. वेळ अशी आवळल्यावर घाई त्या दोघांपुरती राहिली नाही, ती साऱ्या व्हेरोना शहराची झाली.

ज्युलिएटचे वडील कॅप्युलेट यांचेच पाहा. पॅरिस नावाचा तरुण उमराव तिला मागणी घालतो तेव्हा ते म्हणतात की मुलगी अजून लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या. हे रविवारचे बोलणे. सोमवारी पत्नीचा भाचा टिबॉल्ट गमावलेल्या घरात, रात्री उशिरा, मुलीला एका शब्दानेही न विचारता ते पॅरिसला लग्नाचे वचन देऊन बसतात. आज वार कोणता, असे ते विचारतात. सोमवार, असे उत्तर मिळते. मग बुधवार फार लवकर होईल म्हणून ते गुरुवार ठरवतात. मंगळवारी ज्युलिएट वरवर क्षमा मागते आणि या आनंदाच्या भरात, स्वतःच 'फार लवकर' म्हटलेला तो बुधवार ते पक्का करून टाकतात. पत्नी विनवते की गुरुवारपर्यंत थांबू, तयारी अपुरी पडेल. ते ऐकत नाहीत. या हट्टापायी हे लग्न टाळण्यासाठी धर्मगुरूंनी ज्युलिएटला दिलेले, मृत्यूचा भास घडवणारे गुंगीचे औषध तिला एक रात्र आधी घ्यावे लागते, आणि टिबॉल्टला मारल्यामुळे हद्दपार होऊन मँच्युआ शहरात असलेल्या रोमिओला ही योजना कळवणारे पत्र पोहोचवण्यासाठी हाताशी असलेला एक दिवस नाहीसा होतो. नाटक वाचताना मी दर वेळी इथे थबकते. या शोकांतिकेतील सर्वांत महागडी घाई एका अनुभवी, घरंदाज, वयस्क माणसाची आहे.

फ्रायर लॉरेन्सही त्यातून सुटत नाहीत. सबुरीने चाल, धावणारा ठेचकाळतो, असा उपदेश रोमिओला करणारे हे धर्मगुरू त्याच दुपारी रोमिओ-ज्युलिएटचे गुप्त लग्न लावून देतात; त्या दोघांच्या घराण्यांचे वैर त्यातून मिटेल ही त्यांची आशा प्रामाणिक असते. त्यांचे पत्र नेणारा फ्रायर जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो, यात कोणाचाच दोष नाही. पण शेवटच्या रात्री हेच लॉरेन्स कंदील घेऊन स्मशानात धावत येतात आणि कबरींना ठेचकाळतात. आपलेच शब्द आपल्या पायात आलेले त्यांच्या ध्यानात येत नाहीत. प्रेक्षकाच्या मात्र यावेत, अशीच ती योजना आहे.

रोमिओला मी निर्दोष ठरवत नाही. ज्युलिएटच्या मृत्यूची बातमी आणणाऱ्या नोकराला तो दोनदा विचारतो की फ्रायरकडून काही पत्र आहे का. नाही, असे कळते. नोकर धीर धरण्याची विनवणी करतो, पण हा चाळीस डुकॅट मोजून विष विकत घेतो. पुढे कबरीच्या तळघरात, औषधाच्या गुंगीत पडलेल्या तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणतो की ओठांवर आणि गालांवर लाली अजून तशीच आहे, मृत्यूचा फिका झेंडा इथवर पोहोचलेला नाही. सत्य त्याच्या डोळ्यांना दिसलेले आहे, त्याने ते शब्दांतही मांडलेले आहे, आणि तरीही ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. निव्वळ अविचाराची गोष्ट वाचून माणूस 'हे व्हायचेच होते' म्हणून मोकळा होतो. इथे मात्र सुटका हाताच्या अंतरावर दिसत राहते. म्हणूनच मी याला शोकांतिका म्हणते.

प्रश्न : ज्युलिएट अवघ्या तेरा वर्षांची आहे. त्या काळी एवढ्या लहान वयातील लग्न ही नेहमीचीच गोष्ट होती, असे समजावे का?

उत्तर : नाही. चर्चच्या कायद्याने मुलीला बाराव्या वर्षी लग्न करता येत असे हे खरे, परंतु शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये सामान्य घरांतील मुलींची लग्ने बहुधा विशीच्या मध्यावर होत. ब्रूक यांची ज्युलिएट सोळा वर्षांची होती; शेक्सपिअरने तिचे वय जाणूनबुजून आणखी कमी केले. तिला चौदावे पूर्ण व्हायला दोन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस उरले आहेत, हे आपल्याला दाईकडून कळते, आणि तेही लग्नाचा विषय निघालेला असताना. दाई त्या बोलण्यात अकरा वर्षांपूर्वीचा भूकंप आठवते, कबुतरखान्याच्या भिंतीशी उन्हात बसून छातीला कडू रस लावून आपण या मुलीचे दूध कसे तोडले ते रंगवून सांगते, तिच्याच वयाची आपली मुलगी सूझन देवाघरी गेली हेही सांगते. मग आई विचारते की लग्नाबद्दल तुझे मन काय म्हणते, आणि ज्युलिएट उत्तर देते की हा मान तिने कधी स्वप्नातही पाहिलेला नाही. हा प्रवेश रविवारच्या संध्याकाळचा आहे. सोमवारी दुपारी तिचे लग्न झालेले असते.